जस्ती पत्रा

मी चौतीस वर्षं मुदखेडात विज्ञान शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत 'सर, तुमचं चुकलं' असं मला कुणी म्हणालं नाही. म्हणजे माझं कधी चुकलंच नाही, असा अर्थ मी काढून बसलो होतो. आता वाटतं, म्हणायची कुणाची छातीच झाली नसेल. माझा आवाज मोठा. खडू नेम धरून मारायचो. पेपर तपासून झाले की सगळ्यांत जास्त चुकलेलं उत्तर अख्ख्या वर्गाला वाचून दाखवायचो, नावासकट. पोरं मला माघारी 'बॉयलर' म्हणायची, हे मला निवृत्तीच्या समारंभात कळलं, तेही एकाच्या भाषणातून. सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात दोष डब्याचा नव्हता आणि डबा करणाऱ्याचा तर मुळीच नव्हता. दोष माझा होता. इतकी साधी गोष्ट आहे, पण ती वेळेवर माझ्या तोंडातून निघाली नाही.

आमची शिक्षक कॉलनी स्टेशनच्या पलीकडं आहे. चाळीस घरं. करोनाच्या वेळी कॉलनीतली दोन माणसं श्वास कोंडून गेली, तेव्हा सगळ्यांनी मिळून एक ऑक्सिजनचं मशीन आणि एक लहान डिझेल जनरेटर आणून ठेवलं. ते मशीन आता बजरंगच्या आईकडं असतं. बजरंग कॉलनीचा अध्यक्ष, माझाच विद्यार्थी, तोही मास्तरच आहे. त्याची आई धोंडाबाई. जन्मभर चुलीपुढं बसून त्यांच्या छातीचं खोकं झालेलं. नाकाला नळी लावल्याशिवाय त्यांचा दिवस निघत नाही.

गेल्या वर्षी वादळात दीड दिवस लाईट गेली. जनरेटरमधलं डिझेल संपलं. पंपावर धावलो तर पंपावरही लाईट नाही, पंपवाला हातावर हात ठेवून बसलेला. शेवटी एका ट्रॅक्टरच्या टाकीत नळी घालून बजरंगनं तोंडानं डिझेल ओढलं. अर्धं जनरेटरमध्ये गेलं, अर्धं त्याच्या पोटात. त्यानंतर ठरलं की वीस लिटर डिझेल कायम भरून ठेवायचं, चांगल्या पत्र्याच्या डब्यात. डबा कुणी निवडायचा? 'सर आहेत की!' सगळे एका आवाजात म्हणाले.

असलं काम मिळालं की मला चेव येतो. मी वही काढली. प्लॅस्टिकचा कॅन नको, उन्हानं तडकतो. झाकण आट्याचं हवं, आत रबराचा वायसर. ओतताना गचके बसू नयेत म्हणून हवेसाठी वेगळं भोक, त्याला वेगळं बूच. तळ जमिनीला टेकता कामा नये, खाली कड पाहिजे. डबा काठोकाठ भरायचा नाही, उन्हाळ्यात तेल फुगतं. हे सगळं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. शेवटचा मुद्दा मी दोन रेघा ओढून लिहिला होता : 'पत्रा जस्ताचा. गंज चालणार नाही.'

नांदेडचा बाजार पालथा घातला. एका दुकानात हिरव्या रंगाचे तयार डबे होते. टिचकी मारली तर पत्रा कागदासारखा वाजला. झाकण फिरवलं तर आटे एकमेकांत बसेनात. दुकानदार म्हणाला, "काका, मिलिट्रीवाले हेच वापरतेत." मी म्हणालो, "मग देशाचं अवघड आहे." माझी बायको उज्वला सोबत होती, ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. मी बाजारात तोंड उघडलं की ती नेहमीच तसं करते.

शेवटी गावात परत येऊन मी जिलानीकडं गेलो. जुन्या मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजारापाशी, त्याचं पत्र्याच्या वस्तूंचं दुकान आहे. धान्याच्या कोठ्या, पेट्या, पाणी तापवायचे बंब, फुलवाल्यांच्या झाऱ्या, सगळं तो हातानं करतो. आधी बाप करायचा. जिलानी आठवीपर्यंत माझ्या वर्गात होता, मग शाळा सोडून बापाच्या हाताखाली बसला. आपल्या प्रत्येक वस्तूच्या तळाला तो 'जि' असं अक्षर ठोकतो. मुदखेडात आणि थेट उमरीपर्यंत बायका कोठी घेताना आधी ती उलटी करून बघतात. 'जि' दिसलं की पुढं विचारत नाहीत.

मी वही उघडून मुद्दे वाचले. तो मांडी घालून ऐकत होता, प्रत्येक मुद्द्याला 'हाव सर' म्हणत होता. जस्तावर आलो तसा थांबला.

"सर, जस्ती पत्रा नको. काळा पत्रा घेऊ, बिनजस्ताचा."

"काळा पत्रा गंजतो."

"बाहेरून रंग मारून देतो की. आत तर तेलच ऱ्हातंय, गंजतंय कशाला? पण जस्ताचं अन् डिझेलचं जमत न्हाई सर. गाळ होतो आत."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. देगलूरकडच्या रत्नम्मा, ज्या स्टेशनवर फुलं विकतात, त्या गळक्या झारीला डाख लावून घ्यायला बसल्या होत्या. गिऱ्हाइकं नसती तर मी त्याचं ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. पण निदान पुढचं बोललो नसतो.

"लोखंडावर जस्ताचा थर कशासाठी देतात?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

तो हसला. चाळिशीचा माणूस, दाढीत पांढरे केस आलेले. "गंज चढू ने म्हणून, सर."

"मग? आठवीत ह्याच प्रश्नाला भोपळा घेतला होतास ना?"

रत्नम्मा खुदकन हसल्या. बाकीचेही हसले.

"हाव सर, भोपळाच. पण डिझेलचं येगळं ऱ्हातंय."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात न्हाई सर. अब्बा सांगायचे."

"तुझ्या अब्बांनी शाळेची पायरी तरी बघितली होती का?"

हे वाक्य मी बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याचे वडील मला बाजारात दिसले की टोपी सारखी करून सलाम करायचे. चांगला, मुकाट्यानं काम करणारा माणूस होता तो. मेलेल्या माणसाबद्दल त्याच्याच दुकानात, त्याच्याच मुलासमोर, चार माणसांना हसवण्यासाठी मी हे बोललो. जिलानीच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, तसंच राहिलं. मग त्यानं मान हलवली. "तुमी म्हणता तसं करतो सर."

आठ दिवसांनी डबा तयार झाला. देखणा होता. झाकण एका बोटानं फिरत होतं आणि बसलं की पाण्याचा थेंब गळत नव्हता. मी उलटा करून बघितला तर तळ कोरा.

"अक्षर कुठंय?"

"ऱ्हाऊ द्या सर ह्याला."

"का? माझ्या कामाची लाज वाटते?"

तो थोडा वेळ डब्याकडं बघत बसला. मग त्यानं ठसा काढला, तळावर धरला आणि हातोडीचा एकच ठोका घातला. मी समाधानानं डबा घेऊन निघालो. एखाद्याच्या हातून त्याचं नाव काढून घेतोय, असं काही माझ्या मनात आलं नाही.

डिझेल भरून डबा जनरेटरच्या खोलीत ठेवला. दर महिन्याला मी तो पुसायचो आणि आल्यागेल्याला दाखवायचो. "बघा, कुठं एक तांबडा ठिपका आहे का?" नसायचाच. झाकण उघडून आत बघावं असं मात्र अकरा महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही.

यंदा मे महिन्यात पुन्हा वादळ आलं. पहाटे विजेचे सात-आठ खांब आडवे झाले. सकाळी जनरेटर सुरू केला, धोंडाबाईंचं मशीन त्यावर लावलं. दुपारी एकच्या सुमाराला टाकी संपत आली आणि मी डबा आणला. ओतायचा मान माझाच. एक गचका नाही, एक थेंब बाहेर नाही. बजरंग म्हणाला, "ह्याला म्हणतेत सरांचं काम!"

पंधरा मिनिटांनी जनरेटर खोकला, हुंदके दिले आणि बंद पडला. दोरी ओढून ओढून बजरंगचे हात सोलले. हरिओम मेस्त्री मोटारसायकलवरून आला, त्यानं फिल्टर उघडलं. आत पांढुरका, बुळबुळीत लगदा भरला होता, भिजलेल्या साबणाच्या चुऱ्यासारखा. त्यानं डब्याच्या तोंडात काडी घालून फिरवली, बाहेर काढली. काडीलाही तेच. "डब्यातून आलंय हे," तो म्हणाला. "आता नोझल खोलावं लागतंय. संध्याकाळपस्तोर व्हत न्हाई."

धोंडाबाई आत पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी नाकातली बंद नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जणू घट्ट धरली तर चालू होईल. त्यांचा श्वास बाहेर ओट्यापर्यंत ऐकू येत होता. घरात अडीनडीला ठेवलेला ऑक्सिजनचा लहान सिलिंडर लावला आणि त्यांना गाडीत घालून नांदेडला नेलं. रस्त्यात दोन ठिकाणी बाभळी आडव्या पडलेल्या. लोकांनी कुऱ्हाडीनं फांद्या तोडून वाट केली तोवर सिलिंडर संपला. दवाखान्यात पोचलो तेव्हा म्हातारीची नखं निळी पडली होती. वाचल्या. पण अकरा दिवस तिथं राहिल्या, आणि परत आल्या त्या पहिल्यापेक्षा निम्म्या होऊन.

गाडी निघायच्या आधीची एक गोष्ट राहिली. बजरंगनं रागानं डब्याला लाथ मारली. डबा आडवा झाला आणि तळ वर आला. 'जि.' "जिलान्या!" तो ओरडला. "कुठला भंगार पत्रा लावलास रे!" मी तीन हातांवर उभा होतो. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. काळा पत्रा, गाळ, अब्बा, सगळं. मी मनाशी म्हणालो, ही बोलायची वेळ नाही, आधी म्हातारीला पोचवू. ते खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशीही वेळ आली नाही, आणि तिसऱ्याही.

चौथ्या दिवशी मी लातूरला आरतीला फोन केला. आरती माझी मुलगी, तिथं एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, "का गं, डिझेल जस्ताच्या डब्यात ठेवलं तर काय होतं?"

"साबण होतो, बाबा."

"साबण?"

"डिझेलात थोडी आम्लं असतात ना, ती जस्ताला धरतात. जस्ताचा साबण होतो आणि फिल्टर तुंबतं. कुणी ठेवलं असं?"

आणि मी म्हणालो, "आहे एक इथला पत्रेवाला."

फोन ठेवला. तोवर मी फक्त गप्प होतो. आता खोटंही बोललो होतो, आणि तेही पोटच्या पोरीशी, जिला विज्ञानाची गोडी मीच लावली. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. जिलानीला बोलावलं होतं. तो चपला लांब काढून, कडेला उभा राहिला. बजरंगचं डोकं फिरलेलं होतं, आई दवाखान्यात होती, त्याला मी काय म्हणू? त्यानं तोंडाला येईल ते सुनावलं. कुणी तरी म्हणालं, "हलका पत्रा मारला असंल." मागून आणखी एक आवाज आला, "ह्या लोकांवर भरवसा ठेवायचाच कामून?" वर्गात असं कुणी बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. देवळापुढं मी मूग गिळून बसलो.

"काय म्हणणं हाय तुझं?" बजरंगनं विचारलं.

जिलानीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्या बघण्यात राग नव्हता, वाट बघणं होतं. मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागलो. काचा स्वच्छ होत्या.

"चुकी झाली," जिलानी म्हणाला. "डब्बा मी वापस घेऊन जातो."

त्यानं डबा उचलला आणि तो गेला. कॉलनीतल्या चाळीस घरांच्या पाण्याच्या टाक्यांची झाकणं त्याच्याकडून करून घ्यायची ठरली होती, ती नांदेडच्या माणसाला द्यायचं तिथंच ठरलं. दोन-चार दिवसांत गावभर झालं की जिलानीच्या डब्यानं म्हातारी मरता मरता वाचली. बायका अजूनही कोठी उलटी करून बघत होत्या, पण आता 'जि' दिसलं की खाली ठेवत होत्या.

उज्वलाला मी एका दुपारी जेवताना सगळं सांगितलं. भाकरी मोडता मोडता ती थांबली. नांदेडला जस्ताचा डबा मिळेना म्हणून मी कशी चिडचिड केली होती ते तिनं बघितलंच होतं. मग म्हणाली, "मग घरात बसून काय करून राहिलात?"

मी तसाच उठून जिलानीकडं गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं पाट झटकून मला बसायला दिला, चहा सांगितला. मी हात जोडले. खरंच जोडले. "माझं चुकलं जिलानी. तू सांगत होतास. मी तुझ्या वडिलांना बोललो, ते तर—"

"जाऊ द्या सर."

"तू बैठकीत बोलला का नाहीस?"

तो खाली बघून पत्र्याची कड चाचपत राहिला. "तुमच्यासमोर कसं बोलू सर? तुमी हुते की तिथं."

दुकानाच्या मागच्या दारात त्याची बायको बानो उभी होती. ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती. "सर," ती म्हणाली, "यहाँ आ के हात जोड़ने से क्या होता? बेइज्जती चार लोगाँ में हुई ना? तो बात बी चार लोगाँ में होना."

"गप गं," जिलानी म्हणाला. पण ती गप बसली नाही. "चाय पिओ, जाओ, वहाँ बोलो."

चहा पिऊन मी उठलो. तिचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते एका बाईनं मला सांगायची वेळ आली.

धोंडाबाई घरी आल्या तेव्हा बजरंगनं सत्यनारायण घातला. दारात मांडव, दीडशे माणूस. पूजा आटोपली, प्रसाद वाटायच्या आधी मी उभा राहिलो. आवाज आयुष्यभराच्या सवयीनं खणखणीत लागला. मी सगळं सांगितलं. जिलानी काळा पत्रा म्हणत होता, मी जस्ताचा हट्ट धरला. त्यानं गाळ होईल असं सांगितलं होतं, मी त्याला हसलो. अक्षरही मीच ठोकून घेतलं. धोंडाबाईंच्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळं.

मला वाटलं, आता बजरंग माझ्या अंगावर येईल. यायलाच हवा होता. तो आला, आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बगा!" तो मांडवाकडं वळून म्हणाला. "ह्याला म्हणतेत गुरू! आपल्या विद्यार्थ्याचं प्वाट वाचावं म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन राहिले!"

"अरे, अंगावर नाही घेत! खरं सांगतोय!"

"हाव सर, हाव," तो माझा हात दाबत म्हणाला. लहान मुलाची समजूत काढावी तसा.

"अरे जस्तानं डिझेलचा साबण होतो!"

तेव्हा ईश्वरप्पा उठले. कॉलनीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान आहे, त्यांची तिन्ही पोरं माझ्या हाताखालून गेलेली. "सर, जस्त तर चांगलं ऱ्हातंय. गंज चढत न्हाई. तुमीच शिकवलं न्हवं का पोरांना?"

"लोखंडावर जस्ताचा पातळ थर देण्याच्या क्रियेस—" मांडवाच्या त्या टोकाकडून कुणी तरी सूर लावला आणि वीस-पंचवीस जणांनी व्याख्या पुरी केली. एक शब्द चुकला नाही. पोटभर हसले सगळे, प्रेमानं. मी ओरडलो, "मूर्खांनो, ऐका तरी!" तर आणखी हसले. मागून कुणी म्हणालं, "बॉयलर तापला!" चौतीस वर्षं मी ह्यांना शिकवलं होतं, सर सांगतात ते खरं. फक्त सर स्वतःबद्दल वाईट सांगायला लागले तर ते खरं मानायचं नाही, असं त्यांनी आपल्या मनानं जोडून घेतलं होतं. आता ते त्यांच्या डोक्यातून काढायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बजरंगनं घरातून शाल आणली. नारळासकट. मी नको नको म्हणत होतो आणि माझ्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या पडल्या. धोंडाबाईंनी आतून थरथरता हात वर करून मला आशीर्वाद दिला. ती शाल मी काढून फेकायला हवी होती. फेकली नाही. अंगावर घेऊन बसलो आणि प्रसाद खाल्ला. खोटं कशाला सांगू, टाळ्यांच्या वेळी क्षणभर मला बरंही वाटलं. त्या क्षणाची लाज मला डब्यापेक्षाही जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिलानीच्या दुकानात गेलो. बोलायची सुरुवात कशी करावी हे घोकतच गेलो होतो. दुकानात तो एकटाच होता, गोल पत्रा कापत होता. एकावर एक असे पाच-सहा गोल शेजारी रचलेले होते.

"झाकणं?" मी विचारलं.

"हाव सर. कॉलनीतून बजरंगभाऊ येऊन गेले सकाळीच. नांदेडवाल्याला नको म्हणून सांगितले. म्हणले, सरांनी तुझ्यासाठी एवढं केलं, त्यांच्या शब्दाखातर तुला काम देऊन राहिलो. सरांच्या पाया पडून ये म्हणले."

मी वरचं झाकण उचलून उलटं करून बघितलं.

"अन् अक्षर ठोकू नको म्हणले," तो कात्री चालवता चालवता म्हणाला. "लोक भितेत म्हणून."

"तू हो म्हणालास?"

"प्वाट हाय सर."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, मी पुन्हा सांगतो. आज बैठक बोलावतो. घरोघर जाऊन सांगतो. फळ्यावर लिहून देवळापुढं लावतो. आरतीला लातूरहून बोलावतो, ती सगळ्यांपुढं करून दाखवील. माझा आवाज चढत गेला आणि रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. त्यातल्या एकानं मला नमस्कार केला आणि दुसऱ्याच्या कानात काही तरी सांगितलं. दोघांनीही आधी माझ्याकडं आदरानं बघितलं, आणि मग जिलानीकडं संशयानं.

जिलानीनं ते बघितलं. कात्री खाली ठेवली.

"सर, आता ऱ्हाऊ द्या," तो हळूच म्हणाला. "तुमी जितक्या बार सांगाल तितके तुमी मोठे होऊन राहिले. अन् मी तितकाच खोटा."

मी पाटावरून उठलो, पायरीवर चपला शोधल्या. मागं पत्र्याचा आवाज झाला म्हणून वळून बघितलं. मी निघालो म्हणून, शाळेतल्या सवयीनं, तो मांडीवरचा पत्रा बाजूला सारून उठून उभा राहिला होता.